मुळांची पेये, जिभेची पारख आणि उन्हाळ्याची वही

वैशाख लागला की घरातील वयोवृद्धांना पाणी पाजणे हे घरच्यांचे एक वेगळेच काम होऊन बसते. "आबा, पाणी घ्या," असे सून दिवसातून चार वेळा म्हणते आणि "तहान नाही गं," असे उत्तर चारही वेळा येते. दोघांचेही खरे असते. सुनेला बाहेरचे ऊन दिसत असते. आबांना तहान खरोखरच लागलेली नसते. परंड्यापासून उमरग्यापर्यंत पारा चाळीस अंशांच्या पुढे सरकतो, घराचे पत्रे तापतात, अंगातील पाणी घामावाटे निघून जाते. पण त्याची वर्दी मेंदूपर्यंत पूर्वीसारखी पोहोचत नाही.

या विसंवादावर आग्रह, रागावणे किंवा शपथ घालणे हे उपाय फार दिवस चालत नाहीत. म्हणून या अंकात एका छंदाविषयी लिहावयाचे योजिले आहे. वनस्पतींच्या मुळांपासून केलेली थंड पेये थोडी थोडी चाखावीत, त्यांची तुलना करावी आणि आपले मत एका वहीत लिहून ठेवावे, असा हा साधा छंद आहे. त्यातून म्हाताऱ्या माणसाच्या पोटात पाणी जाते, हा एक लाभ. त्याच्या जिभेत, नाकात आणि प्रकृतीत होणारे बदल घरच्यांच्या वेळीच ध्यानात येतात, हा दुसरा आणि अधिक मोलाचा लाभ.

तहान का मंदावते?

वाढत्या वयात शरीरातील पाण्याचे प्रमाण कमी होते. तरुणपणी शरीराच्या वजनाचा साधारण ६० टक्के भाग पाणी असते. वार्धक्यात ते ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे साठाच मुळात लहान होतो. मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची शक्ती उणावते आणि तहानेची जाणीव मंद होते. त्यात रक्तदाबासाठी किंवा पायांवरील सुजेसाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल, तर पाणी बाहेर टाकण्याची गती आणखी वाढते.

याखेरीज एक कारण असे आहे की ते वृद्ध माणसे सहसा बोलून दाखवीत नाहीत. रात्री लघवीला उठावे लागेल, गुडघे साथ देत नाहीत, अंधारात पडण्याची भीती वाटते, म्हणून कित्येक जण जाणूनबुजून पाणी कमी पितात. अशा माणसाला "पाणी प्या" असे सांगण्याआधी त्याच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत रात्री दिवा असतो काय, हे पाहिले पाहिजे.

युरोपातील क्लिनिकल पोषणतज्ज्ञांची 'एस्पेन' नावाची संस्था आहे. वृद्धांच्या आहारासंबंधीच्या तिच्या मार्गदर्शनात असे म्हटले आहे की वृद्ध स्त्रीने दिवसाकाठी किमान १.६ लिटर आणि वृद्ध पुरुषाने किमान २ लिटर पेये घ्यावीत. अर्थात एखाद्या आजारामुळे वैद्यांनी वेगळे प्रमाण ठरवून दिले नसेल तर. २०० मिलिलिटरचा पेला धरल्यास हे अनुक्रमे आठ आणि दहा पेले होतात. चहा, दूध, ताक हे सर्व त्यात मोजावयाचे. याच मार्गदर्शनातील आणखी दोन गोष्टी आपल्या विषयाला अगदी जवळच्या आहेत. एक म्हणजे, कातडीला चिमटा काढून पाहणे, तोंडाचा कोरडेपणा किंवा लघवीचा रंग, या खुणांवरून वृद्धांच्या शरीरातील पाण्याचा विश्वसनीय अंदाज बांधता येत नाही. दुसरी म्हणजे, वृद्धांना त्यांच्या आवडीनुसार निरनिराळी पेये देऊ करावीत. अंदाजाऐवजी नोंद आणि आग्रहाऐवजी आवड, असा याचा अर्थ होतो. आपली वही या दोन्ही गोष्टी साधते.

परदेशातील 'रूट बिअर'

मुळांची पेये चाखून त्यांचे गुणदोष लिहिण्याची हौस अमेरिकेत चांगलीच रुजलेली आहे. तेथे 'रूट बिअर' नावाचे गडद तपकिरी, फेसाळ पेय मिळते. मुलांकडे अमेरिकेस गेलेले आपले आजी-आजोबा हे नाव ऐकून दचकतात. परंतु आज तेथे बाटल्यांतून मिळणाऱ्या बहुतेक रूट बिअरमध्ये मद्य नसते. पूर्वी घरोघरी यीस्ट घालून हे पेय आंबवीत, तेव्हा त्यात किंचित मद्यांश उतरत असे; नाव मात्र टिकून राहिले. फिलाडेल्फिया शहरातील चार्ल्स हायर्स या औषधविक्रेत्याने १८७६ साली तेथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात आपली रूट बिअर मांडली आणि पुढे तिचा व्यापार सर्वत्र पसरला. आज तेथे अनेक लहान उत्पादक आपापल्या कृतीने हे पेय करतात आणि हौशी मंडळी फेस, गोडी, मसाल्याची धार आणि मागे रेंगाळणारी चव पाहून त्यांना गुण देतात.

या पेयात सासाफ्रास झाडाच्या मुळाची साल, सार्सापरिला नावाच्या वेलीची मुळे, विंटरग्रीन, ज्येष्ठमध, आले, व्हॅनिला असे जिन्नस निरनिराळ्या प्रमाणांत असतात. यांपैकी विंटरग्रीनचा वास मेथिल सॅलिसिलेट या द्रव्याचा असतो आणि तेच द्रव्य आपल्याकडे गुडघ्याला चोळावयाच्या मलमात असते. त्यामुळे पहिल्या घोटालाच आपल्याकडील माणूस "हे तर मलम आहे" असे म्हणून पेला खाली ठेवतो, तर तेथील माणसाला त्याच वासाने बालपणीची सुट्टी आठवते. चव ही केवळ जिभेवर नसते. ती आयुष्यभराच्या आठवणींत मुरलेली असते. हे ध्यानात ठेवले म्हणजे आपल्या वृद्धांसाठी पेये निवडताना दूरदेशीच्या बाटलीपेक्षा घरच्या ओळखीच्या मुळांकडे वळणे का बरे, हे सांगावे लागत नाही.

आपली मुळे

आपल्याकडे मुळांच्या पेयांची परंपरा फार जुनी आहे. चरकसंहितेत दाह शमविणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गट सांगितला आहे. त्यात उशीर म्हणजे वाळा आणि सारिवा म्हणजे अनंतमूळ ही दोन्ही मुळे आहेत. ज्वरात तहान लागली असता द्यावयाचे 'षडंगपानीय' याच ग्रंथात आढळते. मोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ अशी सहा द्रव्ये पाण्यात उकळून, पाणी निम्मे आटवून, ते थंड करून द्यावयाचे असते. त्यात मुळे आणि कंदच अधिक आहेत. आपल्या शेतांत तण म्हणून शेतकऱ्यांना हैराण करणारा लव्हाळा आणि हा मोथा एकाच कुळातले.

अनंतमूळ हे नाव शहरांत औषधाच्या पुडीवर दिसते. महाराष्ट्रात त्यालाच उपळसरी म्हणतात. ही जमिनीसरशी पसरणारी, पांढरा चीक असणारी बारीक वेल आहे. तिच्या मुळाच्या सालीला व्हॅनिलाशी नाते सांगणारा मधुर वास येतो. हे नाते कल्पनेतले नाही. या मुळातील मुख्य सुगंधी द्रव्य आणि व्हॅनिलातील व्हॅनिलिन यांची रासायनिक घडण एकाच घटकांची असून केवळ मांडणी वेगळी आहे. इंग्रजांनी या वेलीला 'भारतीय सार्सापरिला' म्हटले ते याच वासाच्या आणि उपयोगाच्या साम्यामुळे. वनस्पती म्हणून दोन्ही अगदी निराळ्या. तिरुपतीच्या वाटेवर रायलसीमेत, तसेच तमिळनाडूत, याच मुळाचे सरबत 'नन्नारी' या नावाने लिंबू पिळून आणि सोडा घालून विकतात. म्हणजे रूट बिअरचे आपल्या देशातील सख्खे भावंड तेथे हातगाडीवर उभे आहे.

वाळा हे एका गवताचे मूळ. पूर्वी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत, तो थंडावा वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. आले आणि सुंठ यांची तर ओळख सांगावयाची गरज नाही. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आले हे मूळ नसून जमिनीखालील खोड आहे. आपल्या वहीपुरते त्याला मुळांच्या पंगतीत बसविण्यास हरकत नसावी. काचेच्या गोटीने तोंड बंद होणारी सोड्याची बाटली हायरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली पेटंट केली. ती आपल्याकडे आली आणि जत्रांतून 'गोटी सोडा' म्हणून इतकी रुळली, की ती परदेशी आहे हे कोणाला खरे वाटू नये.

तीन साधी पेये

चाखण्यासाठी तीन पेये पुरेशी आहेत. तिन्ही घरी करता येतात आणि साखरेवाचूनही पिता येतात.

पहिले, वाळ्याचे पाणी. लहान मूठभर वाळा तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवावा, म्हणजे मुळांतील माती निघून जाईल. मग तो पातळ सुती फडक्यात बांधून पिण्याच्या पाण्याच्या माठात रात्रभर ठेवावा. माठातील पाणी रोज बदलावे. पुरचुंडी दर दोन-तीन दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवावी आणि वास सरला की वाळा टाकून द्यावा. तेर हे गोरोबाकाकांचे गाव आपल्या जिल्ह्यातच आहे. कुंभाराने घडविलेल्या साध्या मातीच्या माठाचा या पेयाच्या चवीत निम्मा वाटा असतो, हे चाखणाऱ्याच्या लगेच लक्षात येईल.

दुसरे, अनंतमुळाचा फांट. कुटलेले मूळ चहाचा एक लहान चमचा घेऊन त्यावर पेलाभर कढत पाणी ओतावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. हे मूळ उघड्या भांड्यात खळखळा उकळू नये. त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो. गाळून थंड झाल्यावर दुप्पट पाणी मिसळावे आणि लिंबाचे चार थेंब पिळावेत.

तिसरे, आल्याचे पाणी. किसलेले आले चिमूटभर घेऊन पेलाभर कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवावे आणि गाळून थंड करावे. तोंडात फोड आलेले असल्यास किंवा पित्ताचा त्रास असल्यास हे वगळावे.

फांट आणि आल्याचे पाणी त्याच दिवशी संपवावे; उरलेले दुसऱ्या दिवशी पिऊ नये. मूळ काष्ठौषधींच्या खात्रीच्या दुकानातून घ्यावे. अनंतमुळाच्या नावाखाली दुसऱ्याच वेलींची मुळे विकली जातात; खऱ्या मुळाला मोडताच गोड वास येतो, ही पहिली परीक्षा. मात्र वासात साम्य असलेली दुसरी मुळेही असतात, म्हणून केवळ नाकावर विसंबून रस्त्यावरची मोळी घेऊ नये. रानातून स्वतः मूळ खणून आणण्याचा मोहही टाळावा. मूळ काढले की वेल मरते आणि येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यासारख्या ठिकाणी वनस्पती उपटणे कायद्याने निषिद्ध आहे.

पाण्याची चवही तपासण्याजोगी असते. आपल्या काळ्या पाषाणाच्या भूमीतील बोअरचे पाणी बहुधा जड असते; नळाच्या, आडाच्या आणि यंत्राने शुद्ध केलेल्या पाण्याची चव वेगवेगळी लागते. एकच मूळ दोन पाण्यांत भिजवून पाहावे. कोणत्या पाण्यात वास उमलतो आणि कोणत्यात दबतो, हे ओळखण्यात वृद्ध माणसे तरुणांना सहज हरवितात; दुष्काळाच्या जिल्ह्यात जन्म काढलेल्यांना पाण्याची पारख शिकवावी लागत नाही.

चाखावे कसे?

सकाळी अकराच्या सुमारास आणि दुपारी चारच्या सुमारास अशा दोन वेळा ठरवाव्यात. दिवेलागणीनंतर पेये कमी करीत न्यावीत, म्हणजे रात्रीच्या उठण्याची धास्ती राहत नाही. पाठ टेकून ताठ बसावे. आडवे पडून काहीही पिऊ नये. कवळी असल्यास ती धुऊन बसवावी आणि साध्या पाण्याने चूळ भरावी. तीन लहान वाट्यांत तीस-चाळीस मिलिलिटर पेय घ्यावे. सौम्य पेय आधी आणि तिखट शेवटी, म्हणजे वाळा, मग अनंतमूळ, मग आले. पेय बर्फाळ नसावे. फार थंडीत वास लपतो.

प्रथम नुसता वास घ्यावा. मग नाक चिमटीत धरून एक घोट घ्यावा व गिळावा. या वेळी केवळ गोड, आंबट, खारट, कडू एवढेच कळेल. आता चिमूट सोडून श्वास बाहेर टाकावा. मुळाचा सुगंध एकाएकी तोंडभर पसरेल. ज्याला आपण चव म्हणतो तिचा बराच मोठा भाग नाकाचा असतो, हे या लहानशा प्रयोगातून नातवंडांनाही कळते. मात्र ज्यांना घोट गिळताना ठसका लागतो त्यांनी हा प्रयोग करू नये.

मग मत सांगावे. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची वाण नाही. मंद, उग्र, मातकट, तुरट, कडवट, खमंग, झणझणीत, मचूळ, मिळमिळीत, असे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी आपोआप येतात. ते जसेच्या तसे लिहून घ्यावेत, सुधारू नयेत.

वही

वहीत एका पानावर सहा रकाने आखावेत: तारीख व वेळ, पेय, पाणी कोणते, वास, चव, आणि दहांपैकी गुण. सातवा रकाना घरच्यांनी भरावयाचा: पेला संपला, अर्धा राहिला की नुसता ओठाला लावला. ज्यांचा हात थरथरतो त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहावे.

नमुन्यादाखल एक नोंद अशी असेल: "सोमवार, सकाळी ११. वाळ्याचे पाणी, माठातले. वास पहिल्या पावसानंतरच्या वावरासारखा. चव थंड, शेवटी थोडी मातकट. गुण ७. पेला संपला." दुसरी अशी: "सोमवार, दुपारी ४. अनंतमूळ, बोअरचे पाणी. वास दबलेला. लिंबू जास्त झाले. गुण ४. अर्धा राहिला." चार दिवसांनी हेच मूळ दुसऱ्या पाण्यात करून पाहिले की चर्चेला विषय मिळतो आणि चर्चेबरोबर आणखी एक पेला रिता होतो. ज्याला दिवसभर फक्त सूचना ऐकाव्या लागतात त्याचे मत कोणी तरी विचारते आहे, याचे मोल औषधाच्या गोळीत मोजता येणार नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला कदाचित गुण देता येणार नाहीत. तिला वास द्यावा आणि गप्प राहावे. ओळखीचा वास कधी कधी जुनी आठवण जागी करतो. ती सांगत असलेले गाव, विहीर किंवा माणूस बरोबर आहे काय, याची उलटतपासणी घेऊ नये.

वही वाचावी कशी?

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की काळजीवाहकाने त्या शांतपणे वाचाव्यात. सातव्या रकान्यात 'अर्धा राहिला' वारंवार येऊ लागले, तर पाणी कमी जात आहे हे उघड आहे. सगळीच पेये 'मिळमिळीत' वाटू लागली किंवा प्रत्येक वेळी "साखर घाला" अशी मागणी होऊ लागली, तर वास किंवा चव मंदावत असावी. वयोमानाने ती काहीशी मंदावतेच. पण त्यामागे सर्दी, सायनसचा त्रास, कवळीचा दोष, हिरड्यांचा आजार किंवा कोरडे तोंड ही दुरुस्त होण्याजोगी कारणेही असतात.

औषधांचा परिणाम तर नेहमीच तपासावा. मधुमेहावरील मेटफॉर्मिनमुळे काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते. रक्तदाबावरील कॅप्टोप्रिलसारखी औषधे आणि मेट्रोनिडाझोलसारखी प्रतिजैविके चव बदलतात. सर्दी-खाजेवरील अनेक गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. नवी गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली हे वहीत लिहिलेले असेल, तर डॉक्टरांना दुवा जोडणे सोपे जाते. मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

वास एकाएकी गेला किंवा काही महिन्यांत हळूहळू नाहीसा झाला, तर तेही डॉक्टरांना सांगावे. कंपवातात, म्हणजे पार्किन्सनच्या आजारात, हाताचा कंप दिसण्याच्या काही वर्षे आधी वासाची जाणीव कमी झालेली असू शकते. वास गेला म्हणजे हाच आजार, असे मुळीच नाही. पण ही गोष्ट सांगण्याजोगी आहे, एवढे खरे. शिवाय ज्याला वास येत नाही त्याला गॅसची गळती आणि नासलेले अन्नही कळत नाही, म्हणून घरात तेवढी दक्षता घ्यावी.

नोंदीची वाट न पाहता तत्काळ दवाखाना गाठावा अशी लक्षणेही आहेत. एकाएकी बरळणे किंवा गोंधळणे, गुंगी, उभे राहताच भोवळ, लघवी नेहमीपेक्षा फारच कमी होणे, अंग तापूनही घाम न येणे, ही त्यांतली मुख्य होत. जुलाब किंवा उलट्या होत असताना सरबत हा उपाय नव्हे. तेथे पाकिटावरील सूचनेप्रमाणे पुरेशा पाण्यात कालविलेली जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

जपावयाच्या गोष्टी

बाजारात मिळणारे हिरवेगार वाळ्याचे सरबत पाहून फसू नये. वाळा तपकिरी असतो, त्याचे पाणी जवळजवळ रंगहीन असते. तो हिरवा रंग घातलेला असतो. अशा सरबताच्या पाकात वजनाने साधारण ६५ टक्के विरघळलेले घटक असतात आणि त्यांतील बहुतेक साखरच असते. पेल्यात ३० मिलिलिटर पाक घातला तर सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची दिवसभराची मर्यादा शक्यतो एवढीच ठेवावी असे सुचविले आहे. अमेरिकेतील रूट बिअरच्या एका डब्यात तर ४० ग्रॅमच्या वर साखर असते. गूळ घातल्याने मधुमेह्याची सुटका होत नाही. रक्तातील साखर गुळानेही वाढते.

साखर टाळावयाची म्हणून काही जण ज्येष्ठमधाकडे वळतात, कारण ते मूळ स्वभावतःच गोड असते. येथे विशेष सावध राहावे. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन या द्रव्याने शरीरात पाणी व मीठ साठते, रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच लघवी वाढविणारी गोळी किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांनी ज्येष्ठमधाचे पेय रोज घेऊ नये.

हृदय दुबळे झाले असेल किंवा मूत्रपिंड निकामी होत असेल, तर डॉक्टरांनी दिवसाच्या पाण्याला मर्यादा घातलेली असते. अशांनी चाखलेली प्रत्येक वाटी त्या मर्यादेत मोजावी. अर्धांगवायूनंतर गिळण्यास त्रास होत असेल तर पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तेथे तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून चाखण्याचा खेळ करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आले स्वयंपाकात असते तेवढेच ठेवावे. 'सारिवाद्यासव' हे अनंतमुळाचे औषध आंबवून केलेले असते व त्यात मद्यांश असतो. ते वैद्यांनी दिलेल्या मात्रेत घ्यावयाचे औषध आहे, सरबत नव्हे.

'मुळाचे आहे, म्हणजे निर्धोक आहे' असे मानू नये, हा धडा रूट बिअरनेच जगाला दिला. तिचा मूळ सुगंध ज्या सासाफ्रासचा, त्यातील सॅफ्रोल या द्रव्याने उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो असे आढळले आणि १९६० साली अमेरिकेने खाद्यपदार्थांत त्याचा वापर बंद केला. तेव्हापासून तेथील उत्पादक सॅफ्रोल काढून टाकलेला अर्क किंवा कृत्रिम सुगंध वापरतात. अनंतमूळ आणि वाळा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. तरीही ती येथे रुचीसाठी, पातळ करून, वाटीभर घ्यावयाची आहेत. त्यांनी मधुमेह बरा होतो किंवा रक्त शुद्ध होते, असा कोणताही दावा या लेखाचा नाही. नेहमीची औषधे घेणाऱ्यांनी नवे मूळ सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे.

एवढी पथ्ये पाळली म्हणजे छंदाची वाट मोकळी आहे. खर्च अगदी थोडा. पाव किलो वाळा आणि शंभर ग्रॅम अनंतमूळ सबंध उन्हाळा पुरते. शेजारच्या आजींना आणि समोरच्या काकांना आठवड्यातून एक दिवस बोलवावे, वाट्यांवर नाव न लिहिता कोणते मूळ ते ओळखावयास सांगावे आणि निकाल वहीत टिपावा. उन्हाळा संपेल तेव्हा त्या वहीत कोणत्या पाण्यात कोणते मूळ खुलते हे तर असेलच. शिवाय आपल्या घरातील वडील माणसाने ते चार महिने किती प्यायले, कशाला नाक मुरडले आणि कशाला "अजून थोडे दे" म्हटले, हेही लिहिलेले असेल. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना औषधांच्या पिशवीत ती वही अवश्य ठेवावी.